वही द्यावी, पण सरव्यासारखी

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना संपली, की व्यासपीठाच्या पायरीशी वह्यांचा ढीग वाढू लागतो. कोणी डझनभर दोनशेपानी वह्या आणतो, कोणी चार कंपासपेट्या आणतो, आणि एखादी आजी पेन्सिलींचे एकच पाकीट रुमालात गुंडाळून आणते व कोणाचे लक्ष नाही असे पाहून ढिगाच्या कडेला ठेवून जाते. जूनच्या मध्यावर शाळा उघडण्याआधी हे सारे मोजायचे, इयत्तेनुसार पिशव्या भरायच्या आणि गरजू मुलांपर्यंत पोहोचवायचे, हे काम अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा मंडळीत अनेक वर्षे चालू आहे. तरुण संघातली मुले गठ्ठे वाहून आणतात, महिला मंडळ पिशव्या भरते, मंडळीचा कारभार पाहणारी पंच कमिटी हिशेब ठेवते. मी या कामात पहिल्यापासून आहे आणि ते बंद पडावे असे मला एक क्षणही वाटलेले नाही. तरीही ते करण्याची आपली रीत बदलली पाहिजे असे मला आता ठामपणे वाटते, कारण ती रीत देणाऱ्यांच्या सोयीने ठरत आली आहे. घेणाऱ्या मुलाला काय वाटते, त्याला नेमके काय लागते आणि केव्हा लागते, हे प्रश्न तिच्यात फार उशिरा येतात किंवा येतच नाहीत.

मंडळीने शाळेतल्या वह्यांची चिंता का करावी, असे आमच्या जिल्ह्यात तरी कोणी विचारू नये. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ पासून नगर हे त्यांच्या कामाचे मोठे केंद्र झाले. मिशनच्या अमेरिकन शिक्षिका सिंथिया फरार १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२ साली त्यांचे निधन होईपर्यंत मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणातही फरारबाईंचा वाटा होता. मुलांची संडे स्कूलसुद्धा मुळात अक्षरओळखीचीच शाळा होती. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली ती सुरू केली ती आठवडाभर कामावर राबणाऱ्या गरीब मुलांसाठी. त्यांना सुटीचा वार एकच मिळत असे, म्हणून त्या वारी त्यांना वाचायला शिकवायचे. ज्या उपासनामंदिरात वाचता येणे ही भक्तीइतकीच महत्त्वाची गोष्ट मानली गेली, तिथे पाटी-पेन्सिलीचा ढीग जमावा हे त्या परंपरेला धरूनच आहे. म्हणून प्रश्न द्यावे की न द्यावे हा नाही. प्रश्न कसे द्यावे हा आहे, आणि तो मला लहानपणापासून चिकटलेला आहे.

मी पाचवीत असताना मला मिळालेल्या वह्यांच्या मुखपृष्ठावर आणि पहिल्या पानावर निळ्या शाईचा शिक्का होता. त्यात देणाऱ्या संस्थेचे नाव होते आणि खाली ‘गरीब विद्यार्थी साहाय्य’ असे शब्द होते. वह्या चांगल्या होत्या, जाड कागदाच्या, शाई न फुटणाऱ्या. आईने त्यांना वर्तमानपत्राची कव्हरे घातली, त्यामुळे मुखपृष्ठावरचा शिक्का झाकला गेला. पहिल्या पानावरचा उरला. मी भाताच्या शितांनी पहिले पान दुसऱ्या पानाला चिकटवून टाकले. पुढे कधीतरी वह्या तपासताना गुरुजींना ती जाड झालेली पाने दिसली आणि त्यांनी ती मला वर्गासमोर सोडवायला लावली. पान फाटले, पण शिक्का अर्धा दिसलाच. शिक्का मारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता हे मला आज कळते. वह्या बाजारात विकल्या जाऊ नयेत, एवढीच त्यांची काळजी असावी. पण दहा वर्षांच्या मुलाला हेतू दिसत नाही, शिक्का दिसतो. त्या वर्षीचे गणित मी त्याच वहीत शिकलो, आणि तरीही ती वही म्हटली की मला आधी गणित आठवत नाही.

आता शिक्के गेले, त्यांच्या जागी फोन आला. वाटपाच्या दिवशी मुलाचे नाव पुकारले जाते, मूल पुढे येते, पाहुण्यांचा हात आणि मुलाचा हात एकाच वहीवर ठेवला जातो, कोणीतरी ‘इकडे बघ’ म्हणते आणि मूल इकडे बघते. आमच्याकडे दप्तरे घाऊक भावात घेतली जातात, त्यामुळे चाळीस दप्तरे एकाच रंगाची असतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गावातल्या रस्त्याने शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पाठींकडे पाहिले तरी कोणाला वाटपात दप्तर मिळाले हे कोणीही सांगू शकते. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने आम्ही दिलेले दप्तर शाळेत नेलेच नाही. ती जुन्या कापडी पिशवीतूनच वह्या नेत राहिली. तिच्या आईला विचारले तेव्हा तिने बराच वेळ काही सांगितले नाही, आणि मग म्हणाली, की वाटपाचा फोटो वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरला होता. फोटो कोणी पाठवला हे शोधण्यात अर्थ नव्हता, कारण तो आमच्याच कार्यक्रमातला होता आणि आमच्यातल्याच कोणीतरी अभिमानाने पाठवला होता. दप्तर मिळूनही जुनी पिशवी वापरणारे मूल आमच्या हिशेबाच्या वहीत ‘लाभार्थी’ म्हणून नोंदलेले आहे. तो हिशेब खोटा आहे असे मी म्हणणार नाही, पण त्यातून खरे काय घडले ते कळत नाही.

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात दानाविषयीची शिकवण आहे, ती आपण सगळ्यांनी लहानपणी पाठ केलेली आहे: उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये. ती शिकवण देणाऱ्याच्या मनाविषयी आहे असेच आपण नेहमी ऐकतो. देणाऱ्याला गर्व होऊ नये, एवढाच तिचा अर्थ लावतो. मला मात्र या विषयात त्याहून अधिक मार्गदर्शन बायबलच्या जुन्या करारातल्या एका शेतकी नियमात सापडते. शेताची कापणी करताना कडेकोपऱ्यापर्यंत कापू नये, पडलेली कणसे पुन्हा वेचायला जाऊ नये, द्राक्षमळ्यात गळलेली फळे गोळा करू नयेत, कारण ती गरिबाची आणि परक्याची आहेत, असा तो नियम आहे. आपल्या मराठी बायबलात यासाठी सरवा हा शब्द आहे, आणि तो आपल्या शेतकऱ्यांच्या बोलीतलाच आहे. कापणीनंतर रानात राहिलेली कणसे, शेंगा वेचणे म्हणजे सरवा वेचणे, हे आमच्या आईच्या पिढीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. रूथ ही परक्या देशातून आलेली विधवा जवाच्या शेतात सरवा वेचत होती, तेव्हा शेताच्या मालकाने आपल्या कापणी करणाऱ्यांना सांगितले, की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे तिच्यासाठी टाकत चला आणि तिला कोणी रागावू नका.

या व्यवस्थेत काय काय नाही, ते पाहण्यासारखे आहे. तिथे रांग नाही. नावांची यादी नाही. मालक आणि रूथ एका पेंढीला हात लावून उभे आहेत असा प्रसंग नाही. किती वेचायचे ते वेचणारी ठरवते, तिला लागेल तेव्हा ती येते आणि स्वतःच्या हाताने वेचते. त्यात तिचे श्रम आहेत, म्हणून तिचा मान आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जे उरते ते मालकाने दिलेले नसतेच, नियमाने ते आधीपासून तिचेच असते. मालकाला फक्त एवढेच करायचे असते की तिच्या वाट्यावर आपला हात पडू द्यायचा नाही. दान आणि हक्क यांच्यामधली जी रेषा आपण आज इतकी जाड करून ठेवली आहे, ती त्या शेतात दिसत नाही.

मराठी ख्रिस्ती समाजाने हे इतरांपेक्षा अधिक खोलवर समजून घ्यायला हवे, असे मी म्हणतो त्याला कारण आहे. आपल्यातल्या बहुतेकांचे पणजोबा-खापरपणजोबा गावकुसाबाहेरचे होते. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन बलुते मागणे त्यांच्या वाट्याला आले होते. ते बलुते नावाने हक्काचे होते, वर्षभर केलेल्या कामाचा मोबदला होता, आणि तरीही ते खाली मान घालून, दुरून, ओंजळ पसरून घ्यावे लागे. हक्काची गोष्ट भिकेसारखी कशी दिली जाते, हे पुस्तकातून शिकण्याची आपल्याला गरज पडू नये. मिशनच्या शाळेत आपल्या माणसांनी पहिली पाटी हातात धरली तेव्हा त्यांना अक्षर मिळालेच, पण त्याहून मोठे असे काही मिळाले, ते म्हणजे बाकावर इतरांच्या शेजारी बसण्याची जागा. आज त्याच माणसांची नातवंडे-पणतवंडे देणाऱ्याच्या जागी उभी आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्या जागी उभे राहून आपण कोणाच्या मुलाला पुन्हा मान खाली घालायला लावत असू, अगदी न कळत, तर ते आपल्याला सहन होता कामा नये.

यावर पंच कमिटीत मला नेहमी एक उत्तर मिळते आणि ते मी हलके मानत नाही. देणारे लोक साधे आहेत, त्यांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेले असते, आपले दिलेले योग्य ठिकाणी पोहोचले हे त्यांना दिसले पाहिजे. फोटो नसेल तर पुढच्या वर्षी ढीग लहान होईल, असे सांगितले जाते. पैशाच्या व्यवहारात पारदर्शकता हवीच, आणि चर्चच्या व्यवहारात ती दुप्पट हवी. पण पावती दुकानदाराची असते, हिशेब वार्षिक सभेत मांडता येतो, शाळेच्या मुख्याध्यापकांचे पोच पत्र सूचनाफलकावर लावता येते. यांपैकी कशालाही मुलाचा चेहरा लागत नाही. आणि चेहरा दिसला नाही म्हणून देणारे थांबतात हेही खरे नाही. बाबासाहेबांच्या जयंतीला आणि महापरिनिर्वाणदिनी हार-मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन आणा, असे आवाहन गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात गावोगावी केले जाते आणि अनुयायी वह्यांचे डोंगर उभे करतात. त्यांतल्या कोणालाही आपली वही कोणत्या मुलाकडे गेली ते दिसत नाही. त्यांनी ती एका विचाराला वाहिलेली असते, म्हणून ती पुरे होते. आमच्या मंडळीतली पेन्सिलींचे पाकीट ठेवून जाणारी आजीही ते कोणाला मिळाले असे कधी विचारत नाही. फोटोची गरज तिला नाही. ती आपल्या कमिट्यांना आहे, आणि ती सोडता येण्यासारखी आहे.

एक आणखी अवघड गोष्ट आहे आणि ती बाजूला सारून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. देणारे हात चर्चचे असले, की त्या देण्यामागे धर्मांतराचे आमिष आहे का, असा संशय आज अनेकांच्या मनात येतो; काही ठिकाणी तो उघड बोलला जातो. आपल्याला तो अन्यायाचा वाटतो, आणि वह्या गोळा करणाऱ्या ज्या माणसांना मी ओळखतो त्यांच्या बाबतीत तो अन्यायाचाच आहे. तरीही या संशयाला रागाने उत्तर देण्याऐवजी आपल्या पद्धतीने उत्तर द्यावे असे मला वाटते. मंडळीच्या यादीत फक्त मंडळीतली मुले असू नयेत, आणि मंडळीबाहेरचे मूल असेल तर त्याला चर्चच्या आवारात बोलावून वाटप करू नये. वह्या शाळेकडे द्याव्यात आणि त्या शाळेतल्या कोणत्याही मुलाला मिळाव्यात. दप्तरात पत्रक नसावे, वहीवर बायबलचे वचन नसावे, चर्चचे नावही नसावे. वचनाची लाज वाटते म्हणून मी हे म्हणत नाही. वहीची कोरी पाने ही त्या मुलाची आहेत आणि त्यांवर पहिले अक्षर त्याचे पडले पाहिजे, म्हणून म्हणतो. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या वह्यांवर त्यांचे छायाचित्र पाहून आपल्याला जे खटकते, तेच आपल्या वहीवरचे वचन पाहून दुसऱ्या कोणाला खटकू शकते, हे मान्य करायला आपल्याला जड जाऊ नये.

मग सरव्यासारखे देणे म्हणजे प्रत्यक्षात काय? आमच्या गावाजवळच्या एका प्राथमिक शाळेत आम्ही गेल्या दोन वर्षांपासून एक साधी गोष्ट करून पाहत आहोत. वर्गाच्या मागच्या भिंतीशी एक कपाट आहे, त्याला कुलूप नाही. त्यात एकरेघी, दुरेघी, चाररेघी आणि चौकटीच्या वह्या, पेन्सिली, खोडरबर, पट्ट्या, रंगखडू ठेवलेले असतात. ज्याची वही संपेल त्याने नवी घ्यावी, ज्याची पेन्सिल हरवेल त्याने पेन्सिल घ्यावी. शेतकऱ्याच्या मुलाने घ्यावी, दुकानदाराच्या मुलानेही घ्यावी, विचारणार कोणी नाही. सुरुवातीला शिक्षकांना भीती होती आणि ती पहिल्या पंधरवड्यात खरीही ठरली; मुलांनी गरज नसताना वह्या नेल्या, एकाने चार खोडरबर नेले. बाईंनी कोणाला रागे भरले नाही, कपाट पुन्हा भरले, आणि कपाट रोज भरलेलेच असते हे मुलांच्या लक्षात आले तशी साठवण्याची घाई संपली. आता तिथे कोणते मूल गरीब आहे हे कपाटाकडे पाहून कळत नाही. सगळ्यांच्याच वह्या तिथल्या आहेत. खर्च थोडा वाढला हे खरे, कारण ज्यांना विकत घेणे परवडते तीही मुले घेतात. पण शेताच्या कडा सोडणाऱ्यालाही कोण सरवा वेचतो याची झडती घेता येत नव्हती, आणि ती घेऊ नये हाच त्या नियमाचा प्राण होता.

कपाटामुळे आम्हाला आणखी एक गोष्ट कळली, जी जूनच्या वाटपात कधीच कळली नसती. सर्वांत जास्त वह्या जूनमध्ये जात नाहीत. जूनमध्ये गावातले सगळेच देतात. मंडळी देते, पतसंस्था देते, तरुण मंडळ देते, एखाद्या मुलाकडे तीन दप्तरे येतात. वह्या संपतात त्या सहामाहीच्या सुमाराला, आणि दिवाळीनंतर दुसरे सत्र सुरू होते तेव्हा कोणीही देत नाही. शिवाय आमच्या भागात दुसरे सत्र हा नुसता वह्यांचा प्रश्न राहत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुटुंबे कारखान्याच्या फडावर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुलांना मागे ठेवता यावे म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण सगळीच मुले मागे राहत नाहीत, आणि जे मूल कोयत्याच्या मागे जाते त्याला जूनमध्ये दिलेली कंपासपेटी कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, कुठे ठेवायची हेही ठाऊक नसते. अशा मुलाला दसऱ्याच्या आत, निघण्यापूर्वी, पाटी, पेन्सिली, गोष्टींची दोन पुस्तके आणि पावसा-दवात न भिजणारी पिशवी हवी असते. जमल्यास फडाजवळच्या शाळेत जाऊन बसता यावे यासाठी त्याच्या शाळेकडून लागणारा कागद हवा असतो. आपल्या मंडळ्यांचे जाळे मोठे आहे. कारखान्यांच्या गावीही आपल्या मंडळ्या आहेत. इथल्या मंडळीने तिथल्या मंडळीला कळवले, की या गावातली मुले तुमच्या भागात येत आहेत, तर ते चाळीस दप्तरांपेक्षा मोठे काम होईल. पुष्कळ मंडळ्यांत उपकारस्तुतीचा सण साजरा होतो, लोक शेतातले धान्य, फळे, अंडी, कोंबडी आणतात, उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि एका लिंबाला शंभराची नोट पडते. त्या लिलावाचा एक वाटा दुसऱ्या सत्रासाठी बाजूला ठेवणे कोणालाही जड जाणार नाही.

नववी-दहावीच्या मुलांकडे तर आपले लक्षच कमी असते, कारण लहान मुलाच्या हातातले दप्तर डोळ्यांना गोड दिसते. आठवीपर्यंत पुस्तके मोफत मिळतात. नववीत पाऊल टाकले, की पुस्तकेही विकत, वह्याही विकत, आणि दहावीला परीक्षेचे शुल्क. गळती वाढते ती याच टप्प्यावर. पंधरा वर्षांच्या मुलाला स्टेजवर बोलावून दप्तर देऊ केले तर तो येणार नाही, आणि आला नाही म्हणून त्याला गरज नाही असे आपण समजतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. २००२ सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, २००९ साली त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात मोफत याचा अर्थ नुसती फी नाही एवढाच नाही. प्राथमिक शिक्षण घेण्यापासून किंवा पूर्ण करण्यापासून मुलाला अडवील असा कोणताही खर्च त्याच्यावर पडता कामा नये, असे तिथे म्हटले आहे. केंद्र सरकारने २०१० साली केलेल्या नियमांत तर पाठ्यपुस्तके आणि गणवेश यांच्या जोडीने लेखनसाहित्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. लेखनसाहित्य म्हणजे वही, पेन्सिल, खोडरबर. म्हणजे आपल्या व्यासपीठाच्या पायरीशी जमणारा तोच ढीग.

पुस्तके आज बहुतेक वेळेवर पोहोचतात आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. गणवेशाचे २०२४-२५ या वर्षी काय झाले ते पालकांना आठवत असेल. सगळ्या राज्याला एकाच ठिकाणाहून गणवेश देण्याच्या प्रयत्नात कित्येक शाळांतली मुले अर्धे वर्ष जुन्याच कपड्यांत बसली, आणि अखेर ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवावे लागले. वह्यांसाठी मात्र जिल्हा परिषदेच्या सर्व शाळांना पुरेल अशी कायम योजना उभीच राहिलेली नाही. गरीब पालकांना वह्या घेणे परवडत नाही, हे शासनाला ठाऊक नव्हते असेही नाही. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत कोरी पाने जोडली गेली, त्यामागे दप्तराच्या ओझ्याबरोबर हेही एक कारण होते. तो प्रयोग फसला. मुले पुस्तकही आणू लागली आणि वहीही आणू लागली, आणि २०२५-२६ पासून ती पाने काढून टाकण्यात आली. पाने काढली ते ठीक झाले, पण ज्या गरजेपायी ती जोडली होती ती गरज त्या पानांबरोबर निघून गेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला, तेही स्वागतार्ह आहे. परंतु ज्या घरात आठवड्याच्या मजुरीतून आधी किराणा जातो, त्या घरात वहीवरचा बारा टक्के कर गेला म्हणून ती घेतली जाईलच असे नाही. आणि हे करणे अशक्य आहे असेही कोणी म्हणू शकत नाही, कारण मुंबई महानगरपालिका आपल्या शाळांतल्या मुलांना दप्तर, वह्या, बूट अशा सत्तावीस वस्तू अनेक वर्षे देत आली आहे. मुंबईतल्या पालिका शाळेतल्या मुलाला जे मिळते ते पाथर्डीतल्या वस्तीवरच्या शाळेतल्या मुलाला का मिळू नये, या प्रश्नाचे मला पटेल असे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

काही जण म्हणतात, की सरकारकडे मागणे हे मंडळीचे काम नाही, ते राजकारण झाले. आपण आपले दान द्यावे आणि शांत राहावे. दुसरे काही म्हणतात, की सरकारचे काम आपण करत राहिलो तर सरकार ते कधीच करणार नाही, म्हणून वाटप बंद करावे. मला दोन्ही मते पटत नाहीत. सोमवारी शाळेत जाणाऱ्या मुलाला कायद्याचे कलम देऊन चालणार नाही, त्याला वहीच लागेल; म्हणून वाटप चालू राहिलेच पाहिजे. पण वही देताना ती त्याच्या हक्काची आहे आणि तो हक्क अपुरा राहिला म्हणून ती आपल्याकडून जात आहे, हे आपल्या मनात स्पष्ट असले, तर आपले बोलणे बदलते, यादी बदलते, फोटो काढणारा हातही खाली येतो. संदेष्ट्यांची पुस्तके व्यासपीठावरून वाचणाऱ्या मंडळीला, अनाथाचा आणि विधवेचा न्याय वेशीवर उभे राहून मागा हे त्यांचे सांगणे नवीन नाही. ती वेस आज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात आहे, आणि त्याआधी शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आहे.

त्या समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आमच्या मंडळीतल्या दोन माता आणि एक पिता अशा समित्यांवर आहेत, आणि बैठकीची सूचना आली की सही करून परत येतात. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार त्याच समितीला आहे आणि शाळेच्या अनुदानाचा आधारही तोच आराखडा आहे. त्यात संरक्षक भिंत असते, पाण्याची टाकी असते, रंगरंगोटी असते. वह्या नसतात, कारण कोणी मागितलेल्या नसतात. आमच्या कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर कोणाचेही नाव नाही; कोणत्या महिन्यात किती वह्या, किती पेन्सिली गेल्या एवढ्याच उभ्या रेघा बाई मारतात. दोन वर्षांच्या त्या रेघा म्हणजे एका शाळेला वर्षाला किती लेखनसाहित्य लागते याचा पुरावा आहे, आणि तो कोणत्याही मुलाला उभे न करता मिळालेला आहे.

येत्या वार्षिक सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. वाटपाचा कार्यक्रम बंद करून वह्या थेट शाळांतल्या उघड्या कपाटांत जाव्यात आणि ती दसऱ्यापूर्वी व दिवाळीनंतर पुन्हा भरली जावीत. नववी-दहावीच्या मुलांसाठी गावातल्या वह्यांच्या दुकानात मंडळीच्या नावाने खाते उघडावे, म्हणजे त्यांना रांगेत न उभे राहता, आपल्याला हवे ते स्वतः निवडून नेता येईल. आणि कपाटातला तो रेघांचा कागद घेऊन, मंडळीच्या सह्यांचा अर्ज जोडून, वह्यांची मागणी शाळेच्या आराखड्यात लिहून घेण्यासाठी समितीवरच्या त्या तिघांबरोबर आपल्यातल्या चार वडीलजनांनी बैठकीला जावे. बैठक जुलैच्या पहिल्या आठवड्यात असते.